मैदान बंद करू नका, आधी रक्त तपासा



पावसाळा लागला, शाळा उघडल्या की आपल्या वस्तीतल्या पोरांच्या पायाशी फुटबॉल येतो. नागपुरात तर हा खेळ आपल्या वस्त्यांची ओळखच आहे. 2001 साली हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहिली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. नागराज मंजुळे यांचा 2022 सालचा ‘झुंड’ सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पण मैदानावर धावणाऱ्या लेकराच्या रक्ताकडे घरात कोणी पाहतं का? या वेळी त्याबद्दल लिहिते.

आमच्या वस्तीतल्या एका घराची गोष्ट आहे. त्यांच्या संमतीने, नाव न घेता सांगते. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील रंगकाम करतात. बारा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा, दोघंही जुलैपासून संध्याकाळी मैदानावर जाऊ लागले. मुलगा तासभर धावून हसत घरी यायचा. मुलगी मात्र पंधरा मिनिटांत धापा टाकायची. पावसात भिजली की रात्री पाय धरून रडायची. प्रशिक्षक म्हणाले, आळशी आहे. आजी म्हणाली, दृष्ट लागली. शेजारीण म्हणाली, वाढीचं वय आहे, दुखतंच. आई तेलाने पाय चोळून द्यायची आणि सकाळी कामावर जायची.

ऑगस्टमध्ये एका रात्री दुखणं इतकं वाढलं की तिला सरकारी रुग्णालयात भरती करावं लागलं. तपासणीत कळलं, तिला सिकलसेल आहे, एसएस. मग सगळ्या घराची तपासणी झाली. आई-वडील दोघेही एएस, म्हणजे वाहक. धाकटा मुलगा निरोगी.

सिकलसेल म्हणजे काय?

आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात. त्यांच्यातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. सिकलसेलमध्ये हे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचं असतं. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली, ताप आला किंवा फार दमणूक झाली की या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात. त्यापुढे रक्त पोहोचत नाही आणि हाडं-सांधे असह्य दुखतात. या पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्तही कमी राहतं, डोळे पिवळसर दिसतात.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी होण्याची 25 टक्के असते. हा दोष एकट्या आईचा नसतो. सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

विदर्भात हा आजार आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या घरांत जास्त आढळतो. पण हे काही ‘आपलं रक्तच वाईट’ म्हणून नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे सिकलसेलच्या वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळालं, म्हणून हा गुण टिकून राहिला. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राकाठीही तो आहे. मागच्या जन्माचं पाप, करणी, दृष्ट यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. बाबासाहेबांनी आपल्याला कारण शोधणारा धम्म दिला. इथे कारण रक्तात आहे आणि ते तपासता येतं.

मग खेळ बंद करायचा का?

त्या घरात पहिला निर्णय तोच झाला. चेंडू माळ्यावर गेला. मुलगी दोन आठवडे कोणाशी बोलली नाही. मीच तिला आणि आईला घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासून सांगितलं, बेताने खेळू द्या. पोटात डाव्या बरगडीखाली प्लीहा असते, आपण पानथरी म्हणतो. ती वाढलेली असेल तर पोटाला मार लागणारा खेळ धोक्याचा. हिची वाढलेली नव्हती. प्रत्येक मुलाचं वेगळं असतं, म्हणून डॉक्टरांना विचारूनच मैदानावर पाठवा.

आम्ही प्रशिक्षकांसोबत बसून नियम ठरवले:

- खेळण्याआधी पाणी आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी, तहान नसली तरी.
- दम लागला की तिने स्वतः बाहेर यायचं. कोणी ‘आळशी’ म्हणायचं नाही, शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या नाहीत.
- भरपावसात आणि कडक उन्हात खेळ नाही. भिजली तर लगेच अंग पुसून कोरडे कपडे. थंडीत स्वेटर.
- उपाशीपोटी खेळ नाही. फुटाणे-गूळ, शेंगदाणे, केळं किंवा उकडलेलं अंडं पुरे.
- इतर मुलांचा पाय मुरगळला तर बर्फ लावतो. एसएस मुलांना बर्फ लावायचा नाही, थंडीने दुखणं वाढतं. ऊबदार फडकं, पाणी आणि आराम द्या.

औषधं रोज चालू आहेत. फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया ही औषधं डॉक्टर देतात, स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नका. शाळेत मिळणारी लोहाची गोळीही एसएस मुलांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

हे दिसलं तर थांबू नका

ताप 101 च्या पुढे, छातीत दुखणं किंवा श्वास लागणं, पोट अचानक फुगणं आणि अंग पांढरं पडणं, हातपाय किंवा तोंड वाकडं होणं, पाणी-औषध देऊनही न थांबणारं दुखणं. यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की दिवस, लेकराला रुग्णालयात न्या आणि दारातच सांगा, ‘सिकलसेल आहे.’

वाहक मूल मात्र आजारी नसतं. ते सगळ्यांसारखं खेळू शकतं. फक्त उन्हात, पाण्याशिवाय जिवावर येईपर्यंत त्याला पळवू नका. हा नियम तसा सगळ्याच लेकरांना लागू आहे.

तपासणी कुठे?

सरकारी दवाखान्यात विचारा, आशाताईला विचारा. 1 जुलै 2023 पासून देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तिच्यात बाधित भागांतल्या 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरली आहे. रक्ताच्या थेंबावर पहिली चाचणी होते. त्यात दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने एएस की एसएस ते ठरतं. पहिल्या चाचणीवर थांबू नका, दुसरा कागद हातात घेऊनच घरी या. लग्न जमवताना पत्रिका आपण पाहत नाही, ते चांगलंच आहे. त्याऐवजी हा कागद पाहा. सिकलसेल रुग्णांना 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्रही मिळू शकतं, ते काढून ठेवा.

डिसेंबरात त्या मैदानावर शेवटचा सामना झाला. मुलगी दोन्ही सत्रांत दहा-दहा मिनिटं खेळली. आई काम लवकर आटोपून स्वेटर आणि पाण्याची बाटली घेऊन रेषेबाहेर उभी होती. संघ हरला. पण त्या हंगामात ऑगस्टनंतर मुलीला एकदाही भरती करावं लागलं नाही.

यंदा पोरांना मैदानावर पाठवण्याआधी विहारात एक रविवार रक्त तपासणीसाठी ठेवा. दवाखान्याला पत्र द्या, पथक बोलवा. आपल्या लेकरांना आळशी म्हणण्याआधी त्यांच्या रक्ताचा कागद पाहू या.