शहागड: गावाचा पैसा आणि त्याच्या किल्ल्या
गोदावरीकाठचे शहागड (ता. अंबड, जि. जालना) धुळे-सोलापूर महामार्गावर असले, तरी कारभार नगरपालिकेचा नव्हे, ग्रामपंचायतीचा आहे.

💰 पैसा: घरपट्टी-पाणीपट्टी आणि वित्त आयोगाचा निधी हे मुख्य स्रोत. 15व्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातील निधीपैकी 60 टक्के पाणी व स्वच्छतेसाठी बंधनकारक होता. उरलेल्या 40 टक्क्यांतील कामे गावाने ठरवायची, मात्र त्यातून पगार देता येत नव्हते.

🗳️ सत्ता: सरपंचाची थेट निवडणूक 2017 मध्ये आली, 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये परतली. थेट निवडीत सदस्यांची पळवापळवी कमी होते. पण सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, असा पेचही पडतो. निवडणूक खर्चाचा हिशेब मुदतीत न दिल्यास उमेदवार 5 वर्षांपर्यंत अपात्र ठरू शकतो.

🏞️ वाळू: गोदापात्रातील वाळू हे या पट्ट्यातील अर्थकारणाचे मोठे केंद्र. राज्याच्या 2013 च्या वाळू धोरणाने लिलावासाठी ग्रामसभेच्या शिफारशीला महत्त्व दिले.

📋 लगाम: ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी कमी असेल ती. मंजूर कामे व खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात.