अणुकेंद्राचा श्वास

शिशाच्या एका अणुकेंद्रात 82 प्रोटॉन आणि 126 न्यूट्रॉन दाटीवाटीने नांदतात. त्यांची कवचांमधली मांडणी मागच्या भागात पाहिली. मात्र योग्य ऊर्जा मिळाली की हेच 208 कण एका लयीत डोलू लागतात.

याचा पहिला ठळक पुरावा 1947-48 मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत मिळाला. बाल्डविन आणि क्लायबर यांनी बीटाट्रॉनमधून निघालेले शक्तिशाली क्ष-किरण युरेनियम, थोरियम, तांबे अशा मूलद्रव्यांवर सोडले. किरणांच्या ऊर्जेच्या एका ठरावीक पट्ट्यात शोषण एकदम उसळले आणि पुढे ओसरले. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो, तसेच हे अनुस्पंदन.

1948 मध्ये गोल्डहाबर आणि टेलर यांनी त्याची उकल मांडली. किरणांचे विद्युत क्षेत्र फक्त प्रोटॉनांना ओढते. सगळे प्रोटॉन एका बाजूला सरकले की न्यूट्रॉन विरुद्ध बाजूला जातात आणि अणुकेंद्रीय बल दोघांना परत खेचते. शिशात हे घडते सुमारे 13.5 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेला, म्हणजे सेकंदाला तीन हजार अब्ज अब्जांहून अधिक आंदोलने. पण दोन-चार हेलकावे होतात न होतात तोच ती ऊर्जा इतर कणांत वाटली जाते आणि बहुधा एखादा न्यूट्रॉन बाहेर फेकला जातो.

अणुकेंद्र लांबट असेल, तर लांबीच्या दिशेचे आंदोलन संथ आणि आडवे जलद होते. आलेखावर एका शिखराची दोन शिखरे होतात. म्हणून ही आंदोलने अणुकेंद्राचा आकारही सांगतात. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पेलेट्रॉन त्वरकावर तापलेल्या, गरगरणाऱ्या अणुकेंद्रांचा अभ्यास याच मार्गाने झाला आहे.

सर्वांत मोलाचे आंदोलन मात्र वेगळेच आहे. त्यात अख्खे अणुकेंद्र फुगते आणि आकसते. संशोधक त्याला श्वासच म्हणतात. आल्फा कणांचा मारा करून, जवळजवळ सरळ पुढे जाणारे कण टिपले, तेव्हा 1977 मध्ये टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठात ते स्पष्ट ओळखता आले. शिशात त्याची ऊर्जा सुमारे 14 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते.

या एका आकड्यात अणुकेंद्रीय द्रव्य दाबायला किती कठीण आहे, याचे माप दडलेले आहे. सूर्याहून जड, पण जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा स्वतःच्या भाराखाली का चिरडत नाही, हे समजायला तेच माप लागते.

हिशेब अजून पुरता जुळलेला नाही. जपानमध्ये ओसाका विद्यापीठात कथिलाच्या समस्थानिकांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. शिशाला लागू पडणारी गणिते कथिलाला लावली, तर ते अपेक्षेपेक्षा मऊ निघते. हा मऊपणा नेमका कशामुळे, यावर अद्याप एकमत नाही.

पुढच्या भागात: न्यूट्रॉन ताऱ्याच्या अंतरंगात.