अभ्यासालाही हप्त्याने खत द्या!

शेतकरी बंधूंनो, बारावी झाली की मलंगगड पट्ट्यातली आपली पोरे डोंबिवली-कल्याणच्या कॉलेजात जातात. पहिले दोन महिने हुरूप असतो. मग मराठीतून शिकलेल्या पोराच्या डोक्यावरून इंग्रजी तास जातो, आणि 'आपल्याला नाही जमायचं' म्हणून पुस्तक मिटते. पोर आळशी नसते, अभ्यासाची घडी बसलेली नसते.

भाताला सगळा युरिया आपण एकदम टाकतो का? तो पाण्याबरोबर वाहून जातो, म्हणून लावणीला, फुटव्याला आणि लोंबी येण्याआधी विभागून देतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे पाठांतरही असेच वाहून जाते. जर्मन शास्त्रज्ञ एबिंगहाऊस यांनी १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवले, की पाठ केलेले बरेचसे पहिल्याच दिवसात विसरते. अंतराने उजळणी केली तर टिकते. पदविकेच्या पहिल्या सत्रात माझे दोन विषय राहिले, तेव्हा मला हे उमगले.

म्हणून पोराला सांगा: आजचे आजच, अर्धा तास. वही मिटून आठवेल ते लिहायचे, अडलेले शब्द दुसऱ्या दिवशी सरांना विचारायचे, आठवड्याने पुन्हा उजळणी. 'मन लागलं की बसू' म्हणू नये. बसले की मन लागते.

तेवढा अर्धा तास त्याला गोठ्यात हाक मारू नका. आणि सरपंच, ग्रामसेवक मंडळी, शाळेची एक खोली रात्री आठ ते दहा उघडी ठेवा. दिवा आणि चटई एवढे पुरे आहे.