माणूस दुबईला जातो, खातं पापडीतच अनिवासी होतं

वसईतल्या नंदाखालचा एखादा मुलगा १५ डिसेंबरला दुबईच्या नोकरीसाठी निघाला, असं धरून चालू. मुंबईच्या सहार विमानतळावरून त्याचं विमान सुटतं त्या दिवसापासून तो फेमाच्या, म्हणजे १९९९च्या परकीय चलन कायद्याच्या नजरेत अनिवासी झाला. आयकर कायदा मात्र दिवस मोजतो. १ एप्रिलपासून निघेपर्यंत १८२पेक्षा कितीतरी जास्त दिवस तो वसईतच होता, म्हणून त्या आर्थिक वर्षापुरता तो निवासीच. एकाच देशाचे दोन कायदे एकाच माणसाला एकाच वेळी ‘गेला’ आणि ‘इथेच आहे’ असं म्हणतात, आणि दोन्ही बरोबर असतात! एक कायदा जाण्यामागचा हेतू बघतो, दुसरा कॅलेंडर.

याचा पहिला परिणाम होतो तो वसईतल्या पापडीच्या बँक शाखेतल्या त्याच्या बचत खात्यावर. परदेशी खातं उघडायची चिंता सगळ्यांना असते, पण गावातलं खातंही बदलावं लागतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ते साधं खातं म्हणून चालू ठेवता येत नाही. त्याचं एनआरओ खातं करून घ्यावं लागतं. घरभाडं, लाभांश अशी इथली कमाई त्यात जमा होते आणि व्याजातून ३० टक्के कर, वर उपकर, बँकच कापून घेते. शाखा तीच, पासबुकावरचं नावही तेच, पण आतले नियम पार वेगळे.

आता दुबईतल्या खात्याकडे वळू. बँकेला मुळात एकच गोष्ट हवी असते, समोरचा माणूस कोण याची खात्री. आपल्या वसईत १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी बेसिन कॅथॉलिक बँकेचा पाया घातला. अशी गावातली सहकारी पतसंस्था उभी राहते ती ओळखीवर. माणूस कुठल्या आळीतला, वाडी कोणाची, बाप कोण, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. दुबईत यातलं काहीच चालत नाही. तिथे निवासी व्हिसा आणि एमिरेट्स आयडी हीच माणसाची आळी आणि तोच बाप. कॅनडाने तर याच्याही पुढे पाऊल टाकलं आहे. योग्य ओळखपत्र असेल तर नोकरी नसली, खात्यात टाकायला सुरुवातीला पैसे नसले, तरी बँकेने खातं उघडून दिलं पाहिजे, असा तिथला नियम आहे. नव्याने आलेल्या माणसाला याहून मोठा आधार कोणता, मला सुचत नाही.

दुबईत खातं उघडलं की हातात पडतो आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक, २३ अक्षरं-आकड्यांचा. सुरुवातीला ‘एई’, पुढे दोन तपासणीचे आकडे, मग तीन आकडे बँकेचे आणि सोळा खात्याचे. यातली गंमत त्या दोन आकड्यांत आहे. पहिली चार चिन्हं उचलून शेवटी न्यायची, अक्षरांच्या जागी आकडे घालायचे (ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असं करत झेड म्हणजे ३५) आणि तयार झालेल्या लांबलचक संख्येला ९७ने भागायचं. बाकी १ उरली पाहिजे. ९७ ही दोन आकडी मूळ संख्यांमधली सर्वांत मोठी. त्यामुळे लिहिताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर बाकी १ उरूच शकत नाही. कुणाच्या घामाचे दिरहम निव्वळ हात चुकल्यामुळे भलत्याच्या खात्यात जाऊ नयेत म्हणून शाळेतला भागाकार असा पहाऱ्याला बसवला आहे.

आणि पैसे घरी येतात कसे? पैसा समुद्र ओलांडतच नाही. आखातातली एक्स्चेंज हाऊसेस भारतातल्या बँकांत आपली रुपयांची खाती ठेवतात. रिझर्व्ह बँकेच्या भाषेत ही ‘रुपी ड्रॉइंग अरेंजमेंट’. मुलगा तिथे खिडकीवर दिरहम मोजून देतो, इकडे निरोप येतो आणि आधीच भारतात असलेल्या रुपयांतून आईच्या खात्यात रक्कम जमा होते. ड्राफ्टचं पाकीट टपालाने येण्याची वाट बघणाऱ्या पिढीला हे खरं वाटलं नसतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या अशा पैशांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे २०.५ टक्के निघाला. केरळच्याही किंचित पुढे.

स्वतःची बचत इकडे ठेवायची तर त्यासाठी एनआरई खातं. ही सोय १९७०पासून आहे. त्यातली मुद्दल आणि व्याज हवं तेव्हा परदेशी नेता येतं आणि व्याजावर भारतात कर नाही. ही करमाफी ठरवताना आयकर कायदा आपले दिवस बाजूला ठेवतो आणि फेमाचीच व्याख्या मानतो. सुरुवातीला भांडणारे दोन कायदे इथे एकमेकांचं ऐकतात, हे मला फार आवडतं. मात्र एनआरई खातं प्रत्येक सहकारी बँकेला उघडता येत नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, तेव्हा आपल्या शाखेत आधी विचारून घ्या.

तुमच्या घरातून कोणी निघालं असेल, तर बॅगा भरण्याआधी त्याला एकदा बँकेत घेऊन जा. जुनं खातं एनआरओ करायचा अर्ज, वारसाचं नाव आणि घरच्या विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र, एवढं करून घ्या. तो कायमचा परत येईल तेव्हाही ताबडतोब बँकेला कळवा, कारण त्या दिवशी खातं पुन्हा निवासी करून घ्यावं लागतं.