पावसाच्या मागावर : सेरेंगेटीची सफर आखताना

‘सफर’ हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला, आणि पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत तोच मूळ अरबी शब्द ‘सफारी’ होऊन रुजला. दोहोंचा अर्थ प्रवास एवढाच. टांझानियातील सेरेंगेटीला जाऊ पाहणाऱ्याने या अर्थाचे भान ठेवावे. कारण सुमारे १३ लाख विल्डबीस्ट, २ लाखांच्या आसपास झेब्रे आणि काही लाख हरिणे त्या मुलखात वर्षभर प्रवासातच असतात, आणि त्यांच्या मुक्कामांचे दफ्तर सर्वस्वी पावसाच्या स्वाधीन असते.

या भ्रमंतीचे मर्म मातीत आहे. दक्षिणेकडील मैदानांवर ऑल डोइन्यो लेंगाई आदी ज्वालामुखींची राख युगानुयुगे पडत आली. तिचा जमिनीखाली जो कठीण थर बनला, त्यात झाडांची मुळे शिरत नाहीत, परंतु वर उगवणारे आखूड गवत कॅल्शियम आणि फॉस्फरस यांनी समृद्ध असते, आणि दूध पाजणाऱ्या मादीला नेमके तेच हवे असते. मात्र तेथे बारमाही पाणी नाही. पावसाळा सरला की डबकी खारट होऊन आटतात. उत्तरेस, केनियाच्या सरहद्दीपाशी, मारा नदी वर्षभर वाहते, पण तिकडचे उंच गवत त्या मानाने निकस. सकस चारा एकीकडे आणि खात्रीचे पाणी दुसरीकडे, अशी ही वाटणी असल्यामुळे कळपांना दरसाल शेकडो मैलांचा फेरा घालावा लागतो.

चरण्यातही एक क्रम असतो. झेब्र्याला दोन्ही जबड्यांत पुढचे दात असल्यामुळे तो उंच, जून काड्या तोडतो. त्यायोगे उघडी पडलेली पाने विल्डबीस्ट आपल्या रुंद मुस्कटाने ओरबाडतो, कारण गाईप्रमाणे त्यालाही वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. आणि मागाहून फुटणारे कोवळे कोंब थॉमसन हरिण वेचते.

वर्षातील सर्वांत हृद्य काळ जानेवारीअखेरीपासून मार्चच्या आरंभापर्यंतचा, आणि स्थळ दक्षिणेतील न्दुटूचा परिसर. बहुतेक वासरे अवघ्या दोन-तीन आठवड्यांत जन्मतात, म्हणून तरस आणि सिंह कितीही टपले तरी त्यांच्या भुकेला ती पुरून उरतात. जमिनीवर पडलेले बदामी रंगाचे वासरू ओल्या अंगाने, थरथरत्या पायांवर दोन-तीनदा कोलमडते, आणि काही मिनिटांत उभे राहून आईच्या कुशीला लागून चालू लागते.

मराठी कुटुंबाला रजा मिळते ती मे महिन्यात किंवा दिवाळीत. मे हा ‘मसिका’ या मोठ्या पावसाचा उत्तरार्ध. कळप मध्य व पश्चिम भागाकडे सरकत असतात, आणि तेथील काळ्या मातीत गाडीची चाके रुततात. जूनमध्ये ग्रुमेती नदी, जुलै ते ऑक्टोबर मारा नदीचा परिसर, आणि दिवाळीच्या सुमारास, ‘वुली’ हा लहान पाऊस सुरू होताच, पूर्वेकडून दक्षिणेस परतीची वाट, असा हा साधारण क्रम आहे. पाऊस आठ-पंधरा दिवस मागेपुढे झाला की कळपही मागेपुढे होतात. तेव्हा विशिष्ट तारखेला विशिष्ट दृश्य मिळेल अशी हमी मागू नये, आणि एकाच भागात निदान तीन-चार रात्री मुक्काम ठेवावा. मारा ओलांडण्यापूर्वी कळप तासन्‌तास काठावर थबकतो. अशा वेळी गाड्यांनी उतार अडवला तर तो माघारी वळतो, म्हणून गाडी दूर थांबवण्यास चालकाला आपणच सांगावे. जनावरे सरहद्द निर्वेध ओलांडतात, परंतु प्रवाशाला केनियातील मसाई मारातून सेरेंगेटीत थेट जाता येत नाही. इसेबानिया किंवा नामांगा येथील नाक्यावरून वळसा पडतो, आणि दोन्ही देशांचे प्रवेशपरवाने वेगळे काढावे लागतात. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखलाही लागतो.

हे वैभव आज ज्या संख्येने दिसते, ती संख्या फार जुनी नाही. १८९० च्या सुमारास बुळकांडीने पूर्व आफ्रिकेतील गुरे आणि त्यांबरोबर विल्डबीस्टही लक्षावधींनी मारले. याच रोगाशी झुंजण्यासाठी हिंदुस्थानात १८८९ साली पुण्यात एक जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. पुढे ती मुक्तेश्वरला गेली, आणि तेथे १९२० नंतरच्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी शेळीच्या साहाय्याने लस सिद्ध केली. केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लोराइट यांनी १९६० च्या सुमारास अधिक निर्धोक लस तयार केली. सेरेंगेटीभोवतालच्या पशुपालकांच्या गुरांना लस टोचली गेली, आणि १९६३ च्या सुमारास विल्डबीस्टमधून रोग हटला. १९६१ साली सुमारे अडीच लाख असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत १३ लाखांवर गेले, आणि २०११ साली बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

म्हणून न्दुटूच्या मैदानावर एखादे वासरू उभे राहताना पाहिले, तर त्याच्यामागे ज्वालामुखीची राख आणि पावसाची सर यांच्याइतकेच गोठ्यागोठ्यांत हिंडलेल्या पशुवैद्यांचे कष्टही आहेत, याचे कृतज्ञ स्मरण ठेवावे, आणि आपल्या रजेतले दोन दिवस तरी पावसासाठी मोकळे सोडावेत.