स्त्री-वंध्यत्व आणि पारंपरिक वनौषधी : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

विवाहानंतर अपत्यप्राप्ती न झाल्यास त्याचा दोष प्रथम स्त्रीच्या माथी मारला जातो आणि औषधोपचारही तिच्यापासूनच सुरू होतात. ग्रामीण तसेच नागरी समाजात काढे, चूर्णे, सिद्ध घृते यांचा आधार आजही घेतला जातो. या उपचारांचे शास्त्रीय अधिष्ठान व त्यांच्या मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्राचीन ग्रंथांतील भूमिका : सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दुसऱ्या अध्यायात गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज हे चार घटक आवश्यक मानले आहेत. ऋतू म्हणजे योग्य काळ, क्षेत्र म्हणजे गर्भाशय, अंबू म्हणजे पोषक रस आणि बीज म्हणजे स्त्री-पुरुष दोघांचेही बीज होय. विशेष म्हणजे याच अध्यायात शुक्रदोषांचे, अर्थात पुरुषातील वैगुण्याचे, विवेचन आधी येते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदांचे वर्णन असून प्रत्येकीची लक्षणे व चिकित्सा दोषानुसार सांगितली आहे. यावरून वंध्यत्व हा एकच रोग व त्यावर एकच औषध, अशी प्राचीन आचार्यांची धारणा नव्हती, हे स्पष्ट होते.

प्रमुख वनौषधी : शतावरी, अशोक आणि अश्वगंधा या वनस्पतींचा उपयोग प्रामुख्याने केला जातो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील फलघृतामध्ये मंजिष्ठा, त्रिफळा, ज्येष्ठमध, अश्वगंधा, शतावरी इत्यादी द्रव्ये तूप व दूध यांसह सिद्ध केली जातात. शतावरीच्या मुळांत स्टेरॉइडवर्गीय सॅपोनिन आढळतात. तथापि, या औषधांवरील बरेचसे संशोधन प्राण्यांवरील प्रयोगांचे किंवा अल्पसंख्य रुग्णांवरील निरीक्षणांचे आहे. त्यामुळे त्यांची परिणामकारकता निर्विवाद सिद्ध झाली आहे, असे म्हणता येत नाही.

मर्यादा व धोके : बीजवाहिन्या बंद असल्यास केवळ पोटात घेतलेल्या काढ्याने त्या उघडतात, असा खात्रीलायक पुरावा नाही. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हे अशा अवरोधाचे एक महत्त्वाचे कारण असून त्यावर क्षयविरोधी औषधेच द्यावी लागतात. पतीच्या शुक्रजंतूंची संख्या कमी असेल, तर पत्नीने कितीही फलघृत सेवन केले तरी ते दोष दूर होत नाहीत.

औषधाची शुद्धता हाही कळीचा प्रश्न आहे. अशोकाच्या सालीत उद्यानांतील सरळ वाढणाऱ्या आसुपालवाची साल मिसळली जाते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रीच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे, कारण शिसे गर्भाच्या मेंदूला अपाय करते. औषधे व जादुई उपचार अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत स्त्री-वंध्यत्वाचा समावेश आहे. म्हणजेच ते हमखास बरे करण्याची जाहिरात करणे कायद्याने निषिद्ध आहे.

सर्वांत मोठी हानी मात्र काळाची होते. स्त्रीची प्रजननक्षमता पस्तिशीनंतर वेगाने घटते. म्हणूनच वर्षभराच्या प्रयत्नांनंतर, आणि पस्तिशी ओलांडली असल्यास सहा महिन्यांनंतर, पती-पत्नी दोघांचीही तपासणी करणे इष्ट ठरते. निदानाविना काढे घेण्यात गेलेली तीन-चार वर्षे पुढील कोणत्याही उपचाराने परत मिळत नाहीत.

समारोप : वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, वनौषधींचा सरसकट त्याग अथवा अंधस्वीकार, दोन्ही अनुचित आहेत. प्रथम उभयतांचे निदान, नंतर तज्ज्ञ वैद्याच्या देखरेखीखाली प्रमाणित औषध आणि त्यासाठी निश्चित कालमर्यादा, हा क्रम सुश्रुताच्या चतुःसूत्रीशीही सुसंगत आहे. क्षेत्राबरोबर बीजाचीही परीक्षा करावी, हा तिचा आशय समाजाने स्वीकारल्यास स्त्रीवरील अकारण दोषारोप निश्चितच कमी होतील.