नऊशे चव्वेचाळीसच्या नंतर

२६ जुलै २००५. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७४. पावसाचा हिशेब मांडणाऱ्यांची झोप या दोन आकड्यांनी उडवली, ती अजून नीट लागलेली नाही.

त्याआधीचा हिशेब कागदावरचा होता. जुन्या पर्जन्यमापकात पाण्यासोबत लेखणी वर चढत जाते; दहा मिलिमीटर भरले की पाणी आपसूक उपसलं जातं आणि लेखणी धपकन शून्यावर येते. मुसळधारेच्या दिवशी कागदावर करवतीचे दाते उमटतात. असे वर्षानुवर्षांचे कागद चाळायचे, दर वर्षाचा सर्वांत मोठा आकडा उचलायचा, त्यावर टोकाच्या आकड्यांसाठीचा, गुंबेलचा संख्याशास्त्रीय वक्र बसवायचा आणि 'शंभर वर्षांतून एकदा'चा पाऊस काढायचा. (नाव फसवं आहे. शक्यता दर वर्षी एक टक्का, म्हणजे तीस वर्षांत साधारण चारास एक.) सांताक्रूझचा आधीचा उच्चांक चारशेच्या आतला. त्या वक्रावर ९४४ बसवणार कुठे?

गटारं तर त्याहून जुन्या अंदाजाची होती. तासाला २५ मिलिमीटर, तेही ओहोटी असेल तर. मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ५० सुचवले होते. कामाला जोर आला तो २००५ नंतर.

मला विचाराल तर खरं वळण २००६चं. पालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायला घेतले आणि दर पंधरा मिनिटांची नोंद मिळू लागली. २०२०मध्ये पूर-इशाऱ्यासाठी 'आयफ्लोज' आलं. पावसाच्या अंदाजात मशीन लर्निंग शिरलं ते या नोंदींच्या जोरावरच. जागतिक हवामान प्रारूपाच्या आकड्यांचा एक चौकोन सहसा पंचवीसेक किलोमीटरचा. त्यात अंधेरी काय नि दादर काय, सगळं एकच. प्रारूपाचे वारे, बाष्प आणि मापकांची प्रत्यक्ष नोंद शेजारी ठेवून यंत्राला स्थानिक फरक शिकवायचा, अशी ही रीत. आयआयटी मुंबईत यावर बरंच काम झालं आहे.

यंत्राची एक खोड आहे. चूक कमी दिसावी म्हणून ते सरासरीकडे झुकतं. तीनशेचा दिवस शंभर-दीडशेवर आणून ठेवतं. म्हणून आधी सगळ्या दिवसांवर शिकवून मग फक्त धुवांधार दिवसांवर त्याची पुन्हा तालीम घेतात. पण असे दिवस मोजकेच. २९ ऑगस्ट २०१७चा, सांताक्रूझच्या ३३१ मिलिमीटरचा दिवस मापकांच्या नोंदीत आहे. ज्या दिवसापायी हे मापक बसले, तो मात्र त्यांत नाही.